शिंजीर की हमिंगबर्ड?

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, बंगालच्या उपसागराच्या काठी, कोवलम हे कोळ्यांचे गाव आहे. तेथील एखाद्या अंगणात जास्वंद फुललेली असते. तिच्याभोवती चिमणीहून लहान, झळाळत्या जांभळ्या रंगाचा एक पक्षी लगबगीने फिरतो. लांब, बाकदार चोच फुलात घालतो, क्षणभर हवेत फडफडतो आणि दिसेनासा होतो. वर्षावनांवरील चित्रपट पाहिलेल्या प्रवाशाच्या तोंडून उद्गार निघतो, ‘‘हमिंगबर्ड!’’

हा उद्गार स्वाभाविक आहे. परंतु तो खरा नाही. हमिंगबर्डच्या ३५० हून अधिक जाती आज फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत व तेथील बेटांवर आढळतात. भारतातील कोणत्याही अरण्यात हा पक्षी नाही. कोवलमचा तो पक्षी म्हणजे शिंजीर, अर्थात सूर्यपक्षी. महाराष्ट्रातही तो घराजवळच्या बागेत दिसतो.

मग दोघांत इतके साम्य कसे? नात्याने हमिंगबर्ड पाकोळीच्या जवळचा, तर शिंजीर चिमणीच्या गणातला. परंतु दोघेही फुलांतील मधुरस पितात. सारख्या गरजेमुळे दोघांनाही लांब चोच आणि लांब जीभ लाभली. जर्मनीत सापडलेल्या, सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचे वर्णन २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून हमिंगबर्डचे पूर्वज एके काळी युरोपातही होते, असे दिसून आले. शास्त्रज्ञांनी हे मान्य केले, ते पुराव्यामुळे.

आपणही पुरावा पाहावा. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मधुरस पितो आणि मागेही उडू शकतो. शिंजीर बहुधा डहाळीवर बसून पितो. फुलापुढे बराच वेळ तरंगणाऱ्या जिवाला मिशा आणि सहा पाय असतील, तर तो पक्षी नव्हे, पतंग होय.

दूरच्या नवलाच्या ओढीने दारातील नवलाकडे दुर्लक्ष होऊ नये. कोळ्याच्या जाळ्याचे धागे गुंफून लोंबते घरटे विणणारा शिंजीर कमी अद्भुत नाही. त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणे, ही निसर्गाच्या अभ्यासाची पहिली पायरी आहे.

पाठगत प्रश्न
१. कोवलमच्या प्रवाशाची चूक कशामुळे झाली?
२. शिंजीर आणि हमिंगबर्ड यांच्या मधुरस पिण्याच्या पद्धतीत कोणता फरक आहे?

उपक्रम : आपल्या परिसरातील एका फुलझाडाचे सकाळी अर्धा तास निरीक्षण करा. जे दिसले तेवढेच वहीत लिहा.