मधाचा रंग

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत मधाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात. एखादी सोन्यासारखी पिवळी, एखादी तांबूस, तर एखादी काकवीसारखी काळसर. नवखे गिऱ्हाईक काळसर बाटलीकडे साशंक मुद्रेने पाहते. हा मध जुना असावा, अथवा त्यात गूळ मिसळला असावा, असे त्यास वाटते. आणि ते पिवळी बाटली उचलून चालू लागते. पुष्कळदा यात जांभळाच्या मधावर अन्याय होतो.

मध मधमाशी घडवते खरी, परंतु त्याचा मकरंद फुलांचा. कोणत्याही मधाचा सुमारे चार-पंचमांश भाग साखरेचा आणि उरलेला बहुतेक पाण्याचा असतो. भेद पडतो तो चिमूटभर इतर द्रव्यांमुळे. प्रत्येक वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठी रंगीत, कडवट वा सुगंधी द्रव्ये तयार करते, आणि मकरंदाबरोबर ती थोडीफार मधात उतरतात. म्हणून मुझफ्फरपूरच्या लिचीचा मध फिका, मोहरीचा लवकर रवाळ होणारा, तर जांभळाचा काळसर व किंचित कडवट.

या द्रव्यांचा एक गुण मोठा मनोरंजक आहे. सफरचंदाची फोड उघडी ठेवली, तर घटकाभरात ती तपकिरी पडते. हवेतील प्राणवायूचा तो परिणाम. तिच्यावर लिंबाचा रस चोळला, तर ती बराच वेळ पांढरी राहते. रसातील क जीवनसत्त्व प्राणवायूचा मारा जणू स्वतःच्या अंगावर घेते. अशा द्रव्यांना प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात. मधातील ही चिमूटभर द्रव्येही बहुधा याच जातीची.

मग कोणत्या फुलाच्या मधात ती अधिक? अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ मे बेरेनबाउम व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौदा निरनिराळ्या फुलांचे मध तपासले आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुट्टूच्या फुलांचा काळाभोर मध सर्वांत सरस ठरला. कॅलिफोर्नियातील सेज नावाच्या झुडपाचा मध सर्वांत मागे राहिला. दोहोंत अंतर किती? तब्बल वीसपट! सामान्यतः मध जितका गडद, तितका हा गुण अधिक, असे दिसून आले.

मात्र रंगावर डोळे मिटून विसंबणेही बरे नव्हे. फार तापवलेला किंवा वर्षानुवर्षे साठवलेला मधही काळवंडतो. तेव्हा गिऱ्हाइकाची शंका अगदीच वेडगळ नाही. शिवाय चमचाभर मध म्हणजे मुख्यतः साखरच. ताज्या फळांची व पालेभाज्यांची जागा त्याला घेता येणार नाही. आणि तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची चाल तर सोडूनच द्यावी. मधात क्वचित असणारी जंतुबीजे एक वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात वाढून प्राणावर बेतू शकते.

फुलाची सही मधावर किती ठळक उमटते, हे पाहायचे तर सह्याद्रीतील कारवीकडे पाहावे. हे झुडूप सुमारे सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. त्या वर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात डोंगरउतार जांभळे होतात, सातेरी माश्यांची झुंबड उडते आणि पोळी कारवीच्या मधाने भरतात. बी धरले की झुडूप वाळते. त्याच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी घरोघर जातात, मातीत पडलेले बी पुढच्या पावसात रुजते, आणि माश्यांना त्या मधासाठी पुन्हा सात-आठ वर्षे थांबावे लागते.