कोणती संगणकभाषा शिकावी?

बीड जिल्ह्यात कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आहे. या वीरशैव संतकवींनी 'परमरहस्य' हा ग्रंथ मराठीत रचला. त्यामुळे संस्कृत न जाणणाऱ्या लोकांनाही पंथाची तत्त्वे समजू लागली. भाषा निवडताना ती कोणासाठी व कशासाठी, हे प्रथम पाहावे लागते.

संगणकाच्या भाषांनाही हाच नियम लागू पडतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा संगणक सुरू झाला. त्याला आज्ञा द्यावयाच्या त्या यंत्राच्याच सांकेतिक भाषेत. हे काम फार किचकट असे. म्हणून माणसाला सोप्या वाटतील अशा भाषा शास्त्रज्ञांनी निर्माण केल्या. गणिताची सूत्रे मांडण्यासाठी १९५७ मध्ये फोरट्रान आली. व्यापारी हिशेबांकरिता कोबोल, तर विद्यार्थ्यांकरिता १९६४ मध्ये बेसिक तयार झाली. पुढे १९९१ मध्ये गिदो व्हान रॉसम यांनी पायथन प्रसिद्ध केली. तिची रचना सुटसुटीत असल्यामुळे आज अनेक विद्यार्थी तिच्यापासूनच आरंभ करतात.

मग सर्वांत श्रेष्ठ भाषा कोणती? मुलांनो, हा प्रश्नच अपुरा आहे. सुताराला रंधा हवा, तर लोहाराला घण! संकेतस्थळ बनवावयाचे असेल तर जावास्क्रिप्ट उपयोगी पडते. यंत्राच्या अगदी निकट जाऊन काम करावयाचे असेल तर सी.

निवड चुकली तर श्रम वाया जातील, अशी भीती मात्र बाळगू नये. 'घागर भरेपर्यंत पाणी ओतत राहा' या आज्ञेत एक कृती आहे आणि ती केव्हा थांबवावी याची एक अट आहे. ही आज्ञा कोणत्याही भाषेत लिहा; शब्द व चिन्हे बदलतील, विचार तोच राहील. कामाची अशी क्रमवार मांडणी ज्याला साधली, त्याला दुसरी भाषा अल्पावधीत येते. उलट, आज ही तर उद्या ती, असे करणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही.

म्हणून आपले काम ओळखावे, त्याला साजेशी एक भाषा निवडावी आणि तिचा नेटाने अभ्यास करावा.

स्वाध्याय
१. फोरट्रान व कोबोल यांचे हेतू कोणते होते?
२. 'हा प्रश्नच अपुरा आहे', असे लेखक का म्हणतो?
३. चहा करण्याची कृती क्रमवार आज्ञांत लिहा.