दहा जणींच्या हातचं एकच शेकरू

मैत्रिणींनो, बचत गटांच्या प्रदर्शनात पापड-लोणच्याच्या शेजारी आता क्रोशाचे ससे, कासवं, हत्ती दिसायला लागले आहेत. येणारी माणसं थांबतात, हातात घेऊन बघतात, लेकरं हट्ट धरतात आणि वस्तू विकली जाते. पण एक-दोन वस्तू विकणं वेगळं आणि एखाद्या दुकानदाराने "अशीच पन्नास करून द्या" म्हणणं वेगळं. पन्नासची ऑर्डर एकटीच्या हातून वेळेत होत नाही. ती गटात वाटून घ्यावी लागते. मग दहा जणींकडून दहा तऱ्हेचे प्राणी जमा होतात. एक जाड, एक हडकुळा, एकाच्या अंगातून आतला कापूस दिसतोय, एकाचा डोळा हलतोय. नमुना बघून ऑर्डर देणारा दुकानदार असा माल घेत नाही.

म्हणून या वेळच्या पाठात डिझाईन नाही, साहित्य बघायचं आहे. कोणतं घ्यायचं, कोणतं घरातलंच चालतं आणि कोणत्या साहित्याने दहा हातांचं काम एकसारखं होतं. उदाहरणाला शेकरू घेऊ. आपल्या राज्याचा प्राणी आहे, भीमाशंकरच्या जंगलात दिसतो, अंग तांबूस-तपकिरी, पोट फिकट आणि झुपकेदार शेपूट. त्यात क्रोशा, ब्रश आणि फेल्टची सुई अशी तिन्ही कामं येतात.

हुक

सगळ्यात जास्त विचार हुकाचा करायचा. शाल किंवा टोपी विणताना चार पदरी लोकरीला आपण साधारण ४ मिमीचा हुक घेतो. वीण मऊ पडावी, अंगावर लोळावी म्हणून. खेळण्याला याच्या उलट पाहिजे. वीण इतकी घट्ट हवी की उजेडाला धरली तरी भोकं दिसू नयेत. म्हणून त्याच लोकरीला २.५ किंवा ३ मिमीचा हुक घ्यायचा. सुरुवातीला हात अवघडतो, हुक आत जात नाही असं वाटतं. दोन-तीन दिवसांत सवय होते.

हुक घेताना त्यावर मिमी छापलेलं आहे का ते बघा. काही हुकांवर आणि विणकामाच्या सुयांवर नुसते नंबर असतात, आणि तिथे घोळ होतो. आपल्याकडच्या जुन्या सुयांच्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ११ नंबर म्हणजे ३ मिमी. मिमीमध्ये मात्र आकडा वाढला की सुई जाड. एकीने "तीनचा" म्हणजे ३ मिमी समजावं आणि दुसरीने ३ नंबर, तर दोघींचे प्राणी भाऊ-भाऊ सुद्धा वाटणार नाहीत. गटात बोलताना मिमीच बोला.

हुकाचं डोकं बोटाने चाचपून घ्या. खरखरीत असेल तर धाग्याचे पदर फाटतात. घेतल्यावर लक्षात आलं तर बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करता येतं. मूठ जाड असलेला हुक जरा महाग पडतो, पण दिवसभर खुरपणी करून संध्याकाळी विणायला बसणाऱ्या बाईला पातळ काडी धरून मनगट दुखतंच. साध्या हुकाच्या दांड्याला जुन्या सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून टाके घातले तरी तेच काम होतं. आणि हाताच्या भेगांत धागा अडकत असेल तर बसण्याआधी साखर-तेलाने हात चोळून साबणाने स्वच्छ धुवा. तेल राहिलं तर डाग पडतो.

चकती करून बघा

आता मुख्य गोष्ट. सगळ्यांना एकाच मापाचा हुक दिला म्हणजे काम सारखं होईल असं वाटतं. तसं होत नाही. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. हे स्वयंपाकातल्या हातासारखं आहे, सांगून बदलत नाही. म्हणून हात तसाच ठेवायचा आणि हुक बदलायचा.

कामाला लागण्याआधी प्रत्येकीने एक चकती विणायची. बोटावर धाग्याचा फास करून त्यात ६ टाके. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे १२. मग १८, २४, ३०, ३६. दर फेरीला ६ वाढतात. सहा फेऱ्या झाल्या की चकती पाटावर सपाट ठेवून शिवणाच्या टेपने आडवी मोजा. समजा ठरलेलं माप ६ सेंटिमीटर आहे. जिची साडेपाच भरली तिचा हात घट्ट, तिला पाव किंवा अर्धा मिमी मोठा हुक. जिची साडेसहा भरली तिला तेवढाच लहान. पुन्हा चकती करा. माप जुळलं की त्या बाईच्या नावासमोर हुकाचं माप वहीत लिहून ठेवा, लोकर बदलेपर्यंत तेच.

अर्ध्या-एक सेंटिमीटरने काय एवढं बिघडतं, असं म्हणाल. हिशोब करून बघा. साडेपाच सेंटिमीटरचा चेंडू आणि साडेसहाचा चेंडू शेजारी ठेवले तर आडवा फरक फक्त एक सेंटिमीटर, पण मोठ्याच्या पोटात फायबर दीडपटीहून जास्त जातं. कारण तो लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे वाढतो. लोकरही जास्त लागते. मजुरी सारखीच मिळणार आणि साहित्य जास्त जाणार, म्हणजे तेवढा नफा गेला.

चकतीला अर्धा तास जातो. मोठ्या ऑर्डरच्या आधी गटाने हा अर्धा तास काढलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

फेरीची खूण आणि काटा

खेळणी गोल-गोल, फेरी न जोडता विणतात. त्यामुळे फेरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याचा तुकडा अडकवा आणि प्रत्येक फेरीला वर सरकवा. दुकानात रंगीत प्लास्टिकच्या क्लिपा मिळतात, त्याची गरज नाही. सेफ्टी पिनही चालते, पण काम संपल्यावर ती आत राहता कामा नये.

स्वयंपाकघरात वापरतात तो छोटा डिजिटल काटा मात्र गटाने एक घ्यावाच. काम सुरू करताना लोकरीचा गुंडा तोला, प्राणी झाल्यावर उरलेला तोला. वजाबाकी म्हणजे एका प्राण्याला लागलेली लोकर. किंमत ठरवताना अंदाज लावावा लागत नाही. फायबरही तोलूनच वाटा. प्रत्येक शेकराच्या पोटात तितकेच ग्रॅम गेले की दाबून बघणाऱ्याला सगळी सारखी लागतात.

भरायला फायबरचा कापूसच घ्या. साधा कापूस धुतल्यावर गोळे होतो आणि आतून लवकर वाळत नाही, वास येतो. चिंध्यांनी खेळणं जड आणि खडबडीत होतं. फायबर बोटाने विंचरून थोडं-थोडं घालायचं. कोपऱ्यात ढकलायला बांबूची काडी तासून, टोक गोल करून वापरा. टोकदार काडीने वीण फाटते. तुकडे जोडायला बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई लागते, गोधडीची टोकदार सुई धाग्याचे पदर चिरते. कात्रीबद्दल एवढंच की लोकरीची कात्री वेगळी ठेवा, घरात कुणाला कागद कापायला देऊ नका.

शेपटीसाठी ब्रश

शेकराची शेपूट नुसती विणली तर दोरीसारखी दिसते. ती विणून झाल्यावर कुत्र्या-मांजराचे केस विंचरायला मिळतो तो बारीक तारांचा ब्रश घ्या आणि टोकाकडून मुळाकडे, हलक्या हाताने विंचरत या. धाग्याचे पदर सुटून झुपका तयार होतो. जोर लावला तर वीणच उसवते. सगळी वीण विंचरायची नाही, वरचा थर फक्त. टोकाचा भाग फिकट लोकरीचा ठेवला की बघणारा लगेच शेकरू ओळखतो.

हे लहान मुलाच्या खेळण्याला करू नका. सुटलेले केस तोंडात जातात. शोभेच्या वस्तूला ठीक.

फेल्टची सुई

फेल्ट म्हणजे न विणता, न कातता, लोकरीच्या केसांची एकमेकांत गुंतवण करून केलेली वस्तू. हे आपल्याला परकं नाही. घोंगडी मागावर विणतात, पण जेन लोकर ओली करून, लाटून-दाबून करतात. ते फेल्टच. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि रगडणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. लोकरी स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर आटतो तो याच कारणाने.

प्राण्यांसाठी हेच काम पाण्याशिवाय, सुईने होतं. ही सुई शिवणाची नव्हे. तिला नेढं नसतं, पातं बहुधा तीनधारी असतं आणि धारेवर बारीक खाचा असतात. सुई लोकरीत खुपसली की खाचा वरचे केस आत ओढून नेतात. पुन्हा-पुन्हा टोचत राहिलं की सैल पुंजका घट्ट होत जातो. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक : ३६ नंबरची सुरुवातीच्या आकाराला, ३८ नेहमीच्या कामाला, ४० वरून सफाईला. एकच घ्यायची तर ३८ घ्या. शेकराच्या विणलेल्या पोटावर फिकट लोकर ठेवून याच सुईने टोचली की ती तिथेच बसते, शिवावी लागत नाही.

इथे एक खबरदारी. दुकानात आपण "लोकर" म्हणून जे गुंडे आणतो ते बहुतेक अॅक्रिलिकचे असतात. विणायला छान, पण गरम पाण्यात रगडून त्याचं फेल्ट होत नाही. ओळखायचं तर धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून पेटवा. खरी लोकर केस जळल्याचा वास देते आणि राख बोटाने चुरली जाते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. हे अंगणात, पाण्याची वाटी जवळ ठेवून करा. पानापानाने मिळणारं रंगीत फेल्ट कापडही बहुधा कृत्रिम धाग्याचंच असतं. त्याची कड सुटत नाही म्हणून चोच, कान, पंजे कापायला ते चांगलं.

खरी लोकर आपल्या शिवारात येते. मेंढपाळ मेंढ्या कातरतात तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्या लोकरीला गिऱ्हाईक नसतं. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, अंगाला टोचते, पण फेल्टच्या प्राण्याचा आतला गाभा करायला उत्तम. काळ्या लोकरीचा कावळा न रंगवता होतो. कुसळं वेचून काढा, कोमट पाण्यात रिठ्याने धुवा. धुताना चोळू नका, नुसती बुडवून दाबा, नाहीतर बादलीतच फेल्ट होऊन बसेल. वाळल्यावर त्याच तारेच्या दोन ब्रशांनी विंचरा.

सुई मोडते, आणि धोका तिथेच आहे. आडवी वाकवली की टोक तुटून आत राहतं, वरून दिसतही नाही. म्हणून ज्या दिशेने आत घातली त्याच दिशेने सरळ बाहेर काढायची. खाली जाड स्पंज ठेवायचा, मांडीवर किंवा तळहातावर धरून टोचायचं नाही. डाव्या हाताच्या अंगठ्याला आणि बोटाला जुन्या चामड्याची टोपणं शिवून घाला. गटात सुया मोजून द्या, मोजून परत घ्या. तुटलेली सुई टोकासकट परत आली तरच नवी द्यायची. टोक सापडलं नाही तर तो प्राणी बाजूला काढा, कितीही छान झाला असला तरी. शेवटी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्रत्येक प्राण्यावरून दाबून फिरवा. पण तेवढ्यावर विसंबून बाजूला काढलेला प्राणी परत मालात घेऊ नका.

डोळे आणि कायदा

मागे चकती लागणारे प्लास्टिकचे डोळे झटपट बसतात आणि सुंदर दिसतात. पण वीण सैल असेल तर चकतीसकट ओढून निघतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे धाग्याने भरायचे, मणी-बटण काहीही नको. मोठ्यांसाठी लावलात तरी प्रत्येक डोळा नखात धरून जोराने ओढून बघा.

१४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा झाला आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. दुकानदार हे विचारतात. म्हणून प्राणी करणाऱ्या प्रत्येकीने पहचान कार्डासाठी अर्ज करावा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने सहा फेऱ्यांची चकती, ज्या हुकाने केली तो हुक आणि लोकरीच्या गुंड्यावरची चिठ्ठी घेऊन या. टेप आणि काटा कार्यालयात आहे. पहचान कार्डाचा अर्ज भरायचा असेल तर आधार कार्ड आणि फोटोही आणा.