रुंद चाकांचे गणित

टायर रुंद केला की जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ वाढते, असे पुष्कळांना वाटते. हे खरे आहे का?

इंग्लंडमध्ये १९५९ साली 'मिनी' ही छोटी मोटार निघाली. तिची चाके अवघी १० इंची. हौशी लोक आजही ती अरुंद चाके काढून रुंद चाके बसवतात. समजा, एका चाकावर १६० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम आहे. भाराला दाबाने भागले, की जमिनीला टेकणारे क्षेत्रफळ सुमारे ८० चौरस सेंटिमीटर येते. या हिशेबात टायरची रुंदी कोठेच आली नाही! टेकलेला पट्टा १० सेंमी. रुंद असेल तर ८ सेंमी. लांब; १६ सेंमी. रुंद असेल तर फक्त ५ सेंमी. लांब. (टायरचा स्वतःचा ताठपणा येथे धरलेला नाही.)

म्हणजे क्षेत्रफळ तेच, आकार मात्र बदलला. आखूड, रुंद पट्ट्यामुळे मोटार वळणावर अधिक नेमकी वळते. पण पावसात रुंद टायरला पाणी बाजूला सारणे जड जाते. शिवाय चाक ३ सेंमी. बाहेर सरकले, तर भाराचा भुज तेवढाच वाढतो आणि बेअरिंगवर जादा ताण येतो.

करून पाहा : सायकलच्या टायरला शाई लावून तो आलेखाच्या कागदावर टेकवा. सायकलवर मित्राला बसवा आणि उमटलेले चौकोन मोजा. थोडी हवा सोडून पुन्हा मोजा. काय फरक पडला? का?