ऑनलाइन वर्गातील पाहुणे वक्ते

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याचे निश्चित झाले आहे. सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. परंतु या वेधशाळेचे शास्त्र शेजारच्या शाळेतील मुलांना उमगले नाही, तर त्यांच्या दृष्टीने ती केवळ एक कुंपण ठरेल.

प्रत्येक शाळेत शास्त्रज्ञ जाऊ शकत नाहीत. कोरोनाकाळात, २०२० मध्ये शाळा बंद असताना शिक्षकांच्या परिचयाचा झालेला ऑनलाइन वर्ग ही उणीव भरून काढू शकतो. मात्र पडद्यावर पाहुणे दिसले म्हणजे पाठ झाला, असे नव्हे.

प्रश्न आधी, व्याख्यान नंतर

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील अंतराळवीरांशी शाळकरी मुले हौशी रेडिओवरून बोलतात. स्थानक संपर्काच्या टप्प्यात असते ते जेमतेम दहा मिनिटे. म्हणून प्रश्न आधीच लिहून त्यांचा क्रम ठरविलेला असतो. हीच शिस्त ऑनलाइन वर्गालाही उपयुक्त आहे.

वेधशाळेच्या परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतात. गुरुत्वीय लहरींमुळे त्यांच्या लांबीत होणारा अतिसूक्ष्म फरक लेसर किरणांच्या साहाय्याने मोजला जातो. एवढी माहिती शिक्षकांनी आदल्या दिवशी दिली, तर एखादा विद्यार्थी सहज विचारील, "रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तर यंत्राला कळेल का?" जमिनीची कंपने ही अशा यंत्रांची खरीच अडचण असते व ती टाळण्यासाठी आरसे लोलकाप्रमाणे टांगलेले असतात. अशा प्रश्नाने पाहुण्यांचे व्याख्यान मुलांच्या अनुभवाशी जोडले जाते.

शिक्षकांचे कार्य

पाहुण्यांना वर्गाची इयत्ता, भाषा व मुलांचे प्रश्न अगोदर कळवावेत. घरोघरी मोबाइल नसल्यास मुलांना शाळेत एका पडद्यासमोर बसवावे. आवाजाची चाचणी आदल्या दिवशी घ्यावी. वीज वा जोडणी खंडित झाल्यास संभाषण दूरध्वनीवरून चालू ठेवण्याची सोय असावी. वीस मिनिटे निवेदन व उर्वरित वेळ प्रश्नोत्तरे, अशी विभागणी हितावह ठरते. मुलांचा प्रश्न ऐकू न गेल्यास शिक्षकांनी तो स्पष्टपणे पुन्हा सांगावा. दुसऱ्या दिवशी मुलांनी आपल्या शब्दांत टिपण लिहावे आणि पाहुण्यांना आभारपत्र पाठवावे.

पाहुणे केवळ शहरातूनच यावेत असेही नाही. वसमतच्या हळद उत्पादक शेतकऱ्याने लागवडीपासून हळद शिजविण्यापर्यंतचा अनुभव पुण्या-मुंबईच्या वर्गाला सांगितला, तर त्या मुलांनाही नवे काही मिळेल. पाहुणे कोठूनही आले, तरी त्यांच्या तासाचे यश त्या गावच्या शिक्षकांनी आदल्या दिवशी केलेल्या तयारीवरच अवलंबून असते.