अख्खा ग्राफ साखळीवर नको गं चढवूस

अगं, तुझ्या प्रबंधाचा विषय मंजूर झाला हे ऐकून फार बरं वाटलं. पण तुझा आराखडा वाचला आणि राहवेना. संपूर्ण ग्राफ डेटाबेस ब्लॉकचेनवर ठेवायचा विचार आत्ताच सोडून दे. इथेरियमवर ३२ बाइटांची एक नवी नोंद साठवायची तर २०,००० च्या वर गॅस (तिथल्या शुल्काचं माप) जातो. लाखो नोड आणि त्यांच्यामधले दुवे तिथे मांडायला बसलीस तर दिवाळं निघेल. शिवाय तिथे लिहिलेलं साऱ्या जगाला दिसतं. ब्लॉकचेन म्हणजे कुलूप असं पुष्कळांना वाटतं, पण ती काहीच लपवत नाही. एकदा लिहिलेलं कुणी मागाहून गुपचूप बदलू नये, एवढंच काम ती चोख करते.

म्हणून कोड लिहायच्या आधी एक ठरव: तुझा अविश्वास नेमका कोणावर आहे? डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे आणि तो शोधाचं उत्तर देताना लबाडी करेल, ही भीती असेल तर मार्ग आहे.

पनामा पेपर्स घे. आयसीआयजे या शोधपत्रकारांच्या संघटनेने २०१६ मध्ये ते प्रकरण बाहेर काढलं. १ कोटी १५ लाख कागदपत्रांतल्या कंपन्या, माणसं, पत्ते यांचे धागे त्यांनी निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये जोडले होते. आता समज, अशा डेटाबेसला तू विचारलंस, 'या पत्त्यावर कुठल्या कंपन्या आहेत?' आहेत चार, सर्व्हरने दिल्या तीन. तिन्ही खऱ्या. एकेकीचा पुरावा तपासलास तरी खोट सापडणार नाही. पण जिच्यासाठी शोध चालला होता, ती चौथीच गाळलेली! या विषयातली खरी मेख ही आहे, आणि तुझ्या आराखड्यात तिचा उल्लेखच नाही.

यावर उपाय असा. प्रत्येक दुव्याचा सुटा हॅश करू नकोस. नोड आणि त्याच्या सगळ्या शेजाऱ्यांची क्रमाने लावलेली यादी, या पूर्ण ऐवजाचा मिळून एक हॅश कर. मग एक जरी शेजारी गाळला तरी हॅश जुळणार नाही. हे सगळे हॅश नोडच्या क्रमाने मर्कल ट्री या हॅशच्या झाडात पानं म्हणून बसव आणि साखळीवर फक्त त्याचं रूट टाक, ३२ बाइट. दहा लाख नोड असले तरी एका उत्तराच्या पुराव्यात २० हॅश येतात, म्हणजे ६४० बाइट. मागितलेला नोड डेटाबेसमध्ये नाहीच, असं सर्व्हर म्हणाला तर? त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं पान झाडात लागोपाठ आहेत, एवढं त्याने दाखवायचं.

व्हायवाला 'ब्लॉकचेनच का?' हे विचारतीलच. मर्कल यांची ही कल्पना १९७९ ची, बिटकॉइनच्या कितीतरी आधीची. हेबर आणि स्टॉर्नेटा यांच्या पद्धतीत तर १९९५ पासून हॅश 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापले जात. त्यामुळे ग्राफचा मालक एकच असेल, तर सही केलेलं रूट बहुतेक वेळा पुरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण चार बँका मिळून एकच ग्राफ अद्ययावत करत असतील आणि त्यांचा एकमेकींवर भरवसा नसेल, तर ताजं रूट कोणतं हे सगळ्यांना सारखंच दिसायला हवं. नाहीतर सर्व्हर गेल्या महिन्याचा ग्राफ पुढे करेल आणि पुरावाही बिनचूक देईल. तुझी उदाहरणं या बाजूने निवड.

आणि हो, माणसांची माहिती हॅश करून साखळीवर टाकणार असलीस तर थांब. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. एक ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्यांचे हॅश काही मिनिटांत काढून मूळ नंबर ओळखेल. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माणसाला स्वतःची माहिती पुसून घ्यायचा हक्क दिलाय. साखळीवरून तू ती पुसणार कशी? प्रत्येक पानात वेगळा यादृच्छिक सॉल्ट मिसळ आणि तो साखळीबाहेरच ठेव. कोणी काय शोधलं हेही तिथे लिहू नकोस, बाई. कोण कुणाच्या मागावर आहे, एवढं कळलं तरी बरंच काही कळतं.

सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याचं काम मात्र पहिल्या टप्प्यात घेऊच नकोस. मार्ग आहे हे सिद्ध करणं सोपं. त्याहून छोटा नाही हे सिद्ध करायला वाटेतल्या किती याद्या दाखवाव्या लागतील, याचा आधी कागदावर हिशोब मांड. आयसीआयजेचा ऑफशोअर लीक्सचा डेटा मोफत उतरवून घेता येतो, ८ लाखांहून जास्त कंपन्या आणि ट्रस्ट आहेत त्यात. त्यावर शेजाऱ्यांच्या यादीचा शोध चालवून बघ. काही पत्त्यांना हजारो कंपन्या चिकटलेल्या सापडतील. तिथे तुझा पुरावा किती फुगतो, ते आकडे मला पाठव. गाइडला दाखवायच्या आधी आपण दोघी एकदा बसून बघू.