बुंदीचे पहिले चार महिने

कराड, 14 जून

चि. सईस,


फोनवर सांगितलं की तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि रात्री तोच प्रश्न व्हॉट्सॲपवर पुन्हा येतो. म्हणून हा कागद. फ्रिजवर लाव आणि नितीनलाही वाचायला लाव.

दातांचा फोटो पाहिला. दुधाचे दात जवळजवळ सगळे आलेत, म्हणजे बुंदी सात-आठ आठवड्यांची असावी. पार्किंगमधून उचलण्याआधी तिची आई येते का याची वॉचमनकडे चौकशी केलीस, हे फार बरं केलंस. आई असती तर आठ आठवडे होईपर्यंत तिला तिथेच राहू दे म्हणालो असतो. भावंडांशी दंगा करताना पिल्लाला आपले दात किती लागतात ते कळतं. तो धडा आता तुम्हाला द्यायचाय. हाताला दात लावले की खेळ लगेच थांबवायचा, उठून जायचं, अर्ध्या मिनिटाने परत यायचं. ओरडू नका. तुमच्या ओरडण्याला ती खेळच समजेल.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. पहिल्या चार महिन्यांत दोन मुदती एकमेकींच्या आड येतात, आणि बहुतेक शिकलेली माणसं त्यातली एकच पाळतात.

पहिली मुदत लसीची. आईच्या चिकातून पिल्लाला रोगांविरुद्धची ताकद मिळते. ती काही आठवडे टिकते आणि हळूहळू ओसरते. पण अंगात असेपर्यंत ती लसीलाही निकामी करते. कुठल्या पिल्लात ती कधी संपेल हे वरून पाहून सांगता येत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस देऊन दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यायची, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. ‘एक इंजेक्शन झालंय’ म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचीच पिल्लं पार्व्होने अंथरूण धरतात. हा रोग 1978च्या सुमारास कुत्र्यांत पहिल्यांदा ओळखला गेला आणि एक-दोन वर्षांत जगभर पसरला. आधी पिल्लू मलूल होतं, खाणं सोडतं, मग उलट्या आणि रक्ताचे जुलाब. विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो आणि चपलांबरोबर घरात येतो, त्यामुळे चपला दाराबाहेर. सासूबाई फरशीला फिनेल लावतात, पण या विषाणूवर त्याचा भरवसा धरू नका. तीस भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवायची, मग स्वच्छ पाण्याने पुसायची.

रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर, आणि वर्षाने पुन्हा. पावसाळ्यात तुमच्या पार्किंगमध्ये उंदीर फिरतात. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तेव्हा त्याची लसही डॉक्टरांना विचारून घे. प्रत्येक वेळी कुपीवरचं लेबल कार्डावर चिकटवून घ्यायचं. त्यांना राग आला तरी चालेल.

दुसरी मुदत ओळखीपाळखीची. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. या काळात जे जे दिसतं, कानावर पडतं आणि त्रास देत नाही, ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं. नंतर नवी गोष्ट दिसली की आधी भीती. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे तपासलं आणि 1965 साली त्यावर पुस्तक काढलं. आता हिशेब कर. लसी पुऱ्या होणार सोळाव्या आठवड्यात आणि हे दार मिटणार त्याच्या आधीच! लसी होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवणारे लोक पार्व्हो चुकवतात, आणि वर्षभराने माझ्यासारख्याला विचारतात की हा पाहुण्यांच्या अंगावर का धावून जातो.

मार्ग साधा आहे. बुंदीला बाहेर न्यायचं, पण जमिनीवर ठेवायचं नाही. ओढणीची झोळी कर किंवा कडेवर घे, आणि रोज दहा-पंधरा मिनिटं गेटपाशी उभी राहा. रिक्षा, हेल्मेट घातलेले डिलिव्हरीवाले, काठी टेकत जाणारे आजोबा, छत्र्या, रेनकोट, शाळेच्या व्हॅनमधून किंचाळत उतरणारी पोरं, सगळं दिसू दे. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. ती अंग चोरायला लागली तर चार पावलं मागे ये. ‘काही होत नाही’ म्हणत पुढे रेटू नकोस. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होईल, तो तिला लांबून ऐकव. फटाक्यांचे आवाज आत्तापासून मोबाइलवर अगदी बारीक लावून ठेव, ती जेवत असताना. दिवाळीत पलंगाखाली थरथरणारी कुत्री पाहिली की मला वाटतं, हे काम जूनमध्येच करायला हवं होतं. मैत्रिणीचा लसी झालेला, शांत स्वभावाचा कुत्रा असेल तर त्याला घरी बोलव. बागेत मात्र चार महिने नाही.

घरात घाण केली तर नाक घासू नका. ताई सांगेल तसं करायला, तिच्या लहानपणी आमच्या वाड्यात तसंच करायचे. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करायची नाही, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, दर वेळी उचलून बाल्कनीतल्या त्याच कोपऱ्यात न्यायचं. झालं की तिथल्या तिथे शाबासकी आणि खाऊ. आत येऊन डबा उघडेपर्यंत कशासाठी मिळालं हे ती विसरलेली असते. या वयात दोन-तीन तासांपेक्षा जास्त तिला धरवत नाही, तेव्हा रात्री एकदा उठावंच लागेल. नितीनची पाळी लाव.

हाका मारताना घरात सगळ्यांचे शब्द एक ठेवा. तू ‘कम’, नितीन ‘इकडे ये’ आणि सासरे ‘यू यू’, असं चाललं तर बुंदी कोणाचंच ऐकणार नाही. आणि ‘ये’ म्हणून बोलावून कधी रागवायचं नाही. औषध पाजायचं असेल तर आपण उठून तिच्याकडे जायचं.

दूध-पोळीचं मी फोनवर बोललोच. गाईच्या दुधाने बऱ्याच पिल्लांना हगवण लागते, आणि पोळीत वाढत्या हाडांना पुरेल असं फार काही नसतं. सासूबाईंना घरात अंडं-मांस चालत नाही, तर वाद घालू नकोस. पिल्लांचं पाकिटातलं कोरडं खाणं मिळतं, तेच दिवसातून चार वेळा थोडं थोडं दे, सुरुवातीला कोमट पाण्यात भिजवून. चिकनचा खाऊ गेटपाशीच, बाहेरून आणलेला. सासूबाईंना एवढंच पटव, की प्रसादाचा शिरा बुंदीला नको. मनुका-बेदाणे कुत्र्यांचं मूत्रपिंड बंद पाडू शकतात. कांदा-लसूण, चॉकलेट, साखरविरहित च्युइंगमसुद्धा नाही. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना रोज उदबत्ती ओवाळणाऱ्या बाई आहेत त्या, ऐकतील.

जंताचं औषध वजन करून, तीन महिने होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. गोल जंत आईच्या पोटातूनच येतात आणि माणसांच्या लहान मुलांनाही होतात. शेजारची पोरं बुंदीला खेळवून गेली की हात धुवायला लाव. गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायचा, बोटांनी चिरडायचा नाही. गुरांचं गोचिडाचं औषध कोणी ‘स्वस्त आणि जालीम’ म्हणून देईल, ते पिल्लाला लावू नका. लाळ गाळत, झटके देत अशी पिल्लं दवाखान्यात आणलेली मी पाहिली आहेत. तुमच्या औषधांच्या डब्यातली तापाची किंवा अंगदुखीची गोळीही नाही, पाव तुकडासुद्धा.

हिरड्या रोज बघ. गुलाबी असाव्यात. फिकट पडल्या, दिवसभर खाल्लं नाही, उलट्या-जुलाब एकदम सुरू झाले किंवा ताप 103 फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही. कुत्र्यांचं साधं तापमानच 101 ते 102.5 असतं, तेव्हा 101 पाहून घाबरू नकोस.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. बुंदीची रेबीजची लस अजून झालेली नाही, आणि तिच्या आईचा ठावठिकाणा नाही. खेळताना दात लागून कातडी फुटली तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं. हळद नाही, चुना नाही. आणि त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू करायची. ‘एवढंसं पिल्लू तर आहे’ असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

नसबंदीचं सहा महिन्यांच्या आसपास बोलू. महापालिकेचा परवाना रेबीजची लस झाली की लगेच काढ, सोसायटीत कोणी तक्रार केली तर तोच कागद उपयोगी पडतो.

बुंदीचे झोपलेले फोटो आता पुरे. दर रविवारी तिचं वजन कळव, आणि शी पातळ वाटली तर तिचा फोटो पाठव. जेवताना पाठवलास तरी चालेल, मला त्याची सवय आहे.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा